नव्या स्वतंत्र संगीताचा ऑनलाइन माग कसा काढावा

गाणी ऐकण्याच्या ॲपवर आज इतके संगीत आहे की जन्मभर ऐकूनही ते संपणार नाही, आणि तरीही बहुतेकांच्या कानांवर तीच ती शे-दोनशे गाणी फिरून फिरून येतात. याला श्रोत्याचा आळस कारणीभूत आहे असे मला वाटत नाही. ॲपचे पहिले पान, तयार प्लेलिस्ट आणि चित्रपटसंगीताच्या जाहिराती या सगळ्यांचा ओढा मुळातच गाजलेल्या गाण्यांकडे असतो, आणि ज्या कलाकारामागे मोठी कंपनी उभी नाही त्याचे गाणे त्या गर्दीत आपणहून वर येत नाही. ते शोधायला श्रोत्यालाच उठावे लागते. हा शोध कसा सुरू करावा, हे अगदी नवख्या वाचकासाठी इथे क्रमाने सांगितले आहे. पुढच्या बहुतेक पायऱ्यांचे सूत्र एकच आहे: यंत्राच्या शिफारशीपेक्षा गाण्यामागच्या माणसांची नावे धरून पुढे गेल्यास शोध अधिक लांबवर पोहोचतो.

पहिली पायरी: गाणे कोणाच्या मालकीचे आहे ते पाहणे

‘इंडी’ (इंग्रजी ‘इंडिपेंडंट’, म्हणजे स्वतंत्र) हा शब्द हल्ली गिटार घेऊन हळू आवाजात म्हटलेल्या कोणत्याही गाण्याला लावला जातो. खरे तर तो संगीताचा प्रकार नव्हे. तो मालकीचा प्रश्न आहे. ध्वनिमुद्रणाचे हक्क कलाकाराकडे किंवा मोठ्या कंपनीशी न बांधलेल्या एखाद्या लहान लेबलकडे, म्हणजे गाणी काढणाऱ्या संस्थेकडे, असतील तर ते संगीत स्वतंत्र, मग ते रॅप असो, डेथ मेटल असो वा ठुमरी. हे तपासण्याची सोपी जागा म्हणजे स्ट्रीमिंग ॲपवर अल्बमच्या पानाच्या अगदी तळाशी असलेली बारीक ओळ. तिथे वर्तुळात लिहिलेल्या इंग्रजी ‘पी’ अक्षराच्या चिन्हापुढे वर्ष आणि एक नाव असते, आणि ते नाव ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे असते. तिथे कलाकाराचेच नाव दिसले तर शंका उरत नाही. कधी कधी मात्र एखादी सहा-सात आकडी संख्या आणि तिच्यापुढे ‘रेकॉर्ड्स डीके’ असे चमत्कारिक नाव दिसते. ते कोणत्याही लेबलचे नसते. डिस्ट्रोकिड या वितरण सेवेतून गाणे चढवताना कलाकाराने लेबलची जागा रिकामी सोडली की ती सेवा असे नाव आपोआप टाकते. ही ओळ दिसली की गाणे बहुधा कोणाच्या तरी घरच्या खोलीतून थेट आले आहे असे समजावे.

उलट बाजूचे उदाहरणही ध्यानात ठेवावे. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचे ‘तांबडी चामडी’ हे २०२४ साली गाजलेले मराठी हाऊस (इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा एक प्रकार) गाणे ऐकताना ते चार मित्रांनी केलेले वाटते, पण ते निघाले स्पिनिन रेकॉर्ड्स या डच लेबलवर, आणि ते लेबल २०१७ पासून वॉर्नर म्युझिक या बड्या कंपनीच्या मालकीचे आहे. यात गाण्याला कमीपणा येत नाही. आपण नेमके काय शोधतो आहोत ते आपल्याला माहीत असावे, इतकेच.

दुसरी पायरी: बँडकॅम्पवर हात बसवणे

नवख्या माणसाने एकाच ठिकाणी वेळ घालवायचा असेल तर तो बँडकॅम्पवर घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. २००८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या संकेतस्थळावर कलाकार आपले पान स्वतः उघडतो, किंमत स्वतः ठरवतो, आणि श्रोत्याला बहुतेक अल्बम विकत घेण्यापूर्वी पूर्ण ऐकता येतो. खाते न उघडताही ऐकता येते, तरी खाते उघडलेले बरे, कारण मग आवडलेल्या कलाकाराच्या पानावर ‘फॉलो’ दाबले की त्याच्या पुढच्या अल्बमची सूचना ईमेलने येते.

सुरुवात ‘डिस्कव्हर’ पानापासून करावी. तिथे आधी संगीतप्रकार निवडावा, मग उपप्रकार, आणि त्यानंतर ठिकाण. ठिकाणाची ही चाळणी फार कमी लोक वापरतात, पण तिच्याइतकी उपयोगी सोय या पानावर दुसरी नाही. बंगळूरु, शिलाँग, लागोस किंवा लिस्बन असे एखादे शहर टाकून पाहावे. जे समोर येते ते कोणत्याही ‘टॉप ५०’ यादीत नसते. क्रम लावताना सर्वाधिक खपाचे अल्बम आधी पाहण्याचा मोह टाळून नव्याने आलेले अल्बम आधी पाहावेत. त्यात कच्चा माल पुष्कळ असतो, हे मान्य करूनच हे सांगतो आहे. प्रत्येक अल्बमच्या पानाच्या तळाशी कलाकाराने स्वतः दिलेले टॅग असतात आणि त्यांवर टिचकी मारूनही असेच पुढे जाता येते.

आता एखादा अल्बम आवडला असे धरू. मुखपृष्ठाच्या चित्राजवळ छोट्या चौकोनी छायाचित्रांची एक रांग दिसते. ही तो अल्बम विकत घेतलेल्या श्रोत्यांची छायाचित्रे असतात, आणि त्यांतल्या काहींनी आपले आवडते गाणे कोणते आणि ते का आवडले हे एक-दोन ओळींत लिहिलेले असते. त्यातल्या एका छायाचित्रावर टिचकी मारली की त्या व्यक्तीचा पूर्ण संग्रह उघडतो. इथे थांबून नीट पाहावे. ज्या अनोळखी श्रोत्याने तुमच्याप्रमाणेच एक फारसा खप नसलेला अल्बम पैसे मोजून घेतला आहे, त्याच्या संग्रहातल्या इतर अल्बमांपैकी काही तरी तुम्हाला आवडण्याची शक्यता कोणत्याही गणिती शिफारशीपेक्षा जास्त असते, कारण त्याने ते फुकट वाजले म्हणून ऐकलेले नसते, खिशात हात घालून निवडलेले असते. अशा श्रोत्यालाही फॉलो करता येते, आणि मग त्याने काही नवे घेतले की ते तुमच्या पानावर दिसते. या सोयीमागे जाहिरातदार नाही, म्हणूनच ती इतकी विश्वासाची आहे.

याच संकेतस्थळावर बँडकॅम्प डेली हे संपादकीय सदर आहे. तिथे एखाद्या शहरातल्या किंवा एखाद्या अगदी अरुंद प्रकारातल्या संगीतावर सविस्तर लेख येतात आणि लेखातच गाणी वाजवता येतात. इंग्रजी वाचण्याची सवय असेल तर हे सदर आठवड्यातून एकदा तरी चाळावे.

तिसरी पायरी: श्रेयनामावलीवरून पुढे जाणे

एक अल्बम आवडला की बहुतेक लोक त्याच कलाकाराचा दुसरा अल्बम लावतात. त्याऐवजी अल्बममध्ये आणखी कोण आहे ते पाहावे: ढोल कोणी वाजवला, ध्वनिमिश्रण कोणी केले, पाहुणा गायक कोण आहे, लेबल कोणते आहे. बँडकॅम्पवर ही नावे अल्बमखालच्या मजकुरात, यूट्यूबवर व्हिडिओखालच्या वर्णनात आणि स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांच्या यादीत ‘क्रेडिट्स’ या नावाखाली सापडतात. तिथे काही नसेल तर २००० साली सुरू झालेली डिस्कॉग्ज ही सूची किंवा म्युझिकब्रेन्झ ही खुली सूची पाहावी. या दोन्हींत ध्वनिमुद्रणागणिक वादकांपर्यंतची नावे श्रोत्यांनीच नोंदवलेली असतात.

उदाहरण घेऊ. दिल्लीच्या पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी या बँडचा गायक सूर्यकांत सॉनी हा ‘लिफाफा’ या नावाने एकट्याचे इलेक्ट्रॉनिक संगीत करतो, आणि बँडमध्ये इंग्रजीत गाणारा हा माणूस तिथे हिंदीत गातो. त्याच बँडमधला कार्तिक पिल्लई ‘जांबलू’ या नावाने स्वतःचे वेगळे संगीत काढतो आणि ‘बेगम’ या दुसऱ्या बँडमध्येही असतो. म्हणजे एका बँडचे नाव धरून निघालेला श्रोता अर्ध्या तासात एकमेकांशी फारसे साम्य नसलेल्या चार प्रकारच्या संगीतापर्यंत पोहोचतो. ‘हे आवडले तर तेही आवडेल’ सांगणारे यंत्र इथवर सहसा नेत नाही, कारण ते एकसारखा आवाज शोधते, आणि माणसे मात्र वेगवेगळे आवाज काढतात.

लेबलचे नाव धरूनही असेच जाता येते. मुंबईच्या स्वदेशी या हिपहॉप गटात एमसी मवाली मराठीतून रॅप करतो. आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर या गटाने आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन २०१९ साली गाणे केले. या गटाचा अल्बम पुढे आझादी रेकॉर्ड्स या दिल्लीतल्या स्वतंत्र लेबलवर निघाला. २०१७ साली सुरू झालेल्या या लेबलची यादी उघडली की पंजाबीतून रॅप करणारा प्रभ दीप आणि हिंदीतून करणारी सीधे मौत ही जोडी समोर येते. लहान लेबलची यादी एका-दोघांच्या आवडीनिवडीतून घडलेली असते. ती आवड तुमच्याशी जुळली तर त्या लेबलची मागची यादी सलग ऐकावी, आणि दोन-तीन अल्बम ऐकूनही जुळली नाही तर निःसंकोच सोडून द्यावी.

मराठीतून शोधताना

मराठी स्वतंत्र संगीत शोधणाऱ्याला लिपीची अडचण येते. गाण्यांची नावे बहुधा रोमन लिपीत चढवलेली असतात आणि तिचा काही नियम नसतो. वर उल्लेखिलेल्या ‘तांबडी चामडी’च्या रोमन नावात प्रत्येक दीर्घ ‘आ’साठी दोन वेळा ‘ए’ अक्षर आहे. एकच टाकून शोधणाऱ्याला ते गाणे इतके गाजलेले असल्यामुळे तरीही सापडते, पण तीनशे वेळा वाजलेले गाणे असे सापडत नाही. म्हणून प्रत्येक शोध देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत दोन-तीन प्रकारे करावा. ‘व’साठी व्ही आणि डब्ल्यू, ‘ळ’साठी एल, असे पर्याय पालटून पाहावेत. नुसते ‘मराठी इंडी’ असे शोधल्यास प्रेमगीतांच्या व्हिडिओंचा पूर येतो, त्यापेक्षा ‘मराठी’ या शब्दाला प्रकाराचे नेमके नाव जोडावे: मराठी रॅप, मराठी मेटल, मराठी हाऊस. पुण्याचा संबाटा हा मराठी रॅपर अशा शोधात लवकर भेटतो, आणि त्याच्या गाण्यांतल्या पाहुण्या कलाकारांपासून पुढची नावे मिळू लागतात.

मला स्वतःला आवडणारी युक्ती मात्र वेगळीच आहे: जुन्या संगीतमहोत्सवांची भित्तिपत्रके. पुण्यात २०१० साली सुरू झालेला एनएच७ वीकेंडर, अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात २०१२ पासून भरणारा झिरो महोत्सव, राजस्थानात अलसीसरच्या महालात २०१३ साली सुरू झालेला मॅग्नेटिक फील्ड्स, यांची गेल्या अनेक वर्षांची कलाकारयादी इंटरनेटवर चित्ररूपात सहज सापडते. वरची मोठ्या अक्षरांतली नावे सोडून द्यावीत. तळाशी, सर्वांत बारीक अक्षरांत, दुपारी तीनच्या उन्हात वाजवायला उभे केलेले जे बँड असतात त्यांची नावे एकेक करून शोधावीत. एखाद्या जाणत्या आयोजकाने ती निवडलेली असतात, आणि श्रोत्याला फुकटात मिळालेली ही निवड आहे. काही बँड एव्हाना मोडलेले असतील, तरी त्यांची गाणी आणि त्यांतले वादक कुठे ना कुठे असतातच.

चौथी पायरी: रेडिओ आणि थेट सादरीकरणे

रेडिओ म्हटले की आपल्याकडे जाहिराती आणि चित्रपटगीते आठवतात, पण जगात अशी केंद्रे आहेत जिथे निवेदक आपल्या पसंतीची गाणी लावतो आणि ती इंटरनेटवर विनामूल्य ऐकता येतात. अमेरिकेतल्या सिएटलचे केईएक्सपी हे त्यांतले नावाजलेले केंद्र. त्याच्या संकेतस्थळावर चालू असलेल्या प्रत्येक गाण्याचे नाव, अल्बम आणि लेबल त्या त्या क्षणी दिसते, आणि निवेदकाने एखादी टीप लिहिली असेल तर तीही. उन्हाळी वेळेत, म्हणजे तिथली घड्याळे तासभर पुढे केलेली असताना, सिएटलला सकाळचे सात वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. त्यामुळे तिथला सकाळचा कार्यक्रम आपल्याला स्वयंपाकाच्या वेळी ऐकता येतो. लंडनचे २०११ साली सुरू झालेले एनटीएस दोन वाहिन्या सतत चालवते आणि जुन्या कार्यक्रमांचा साठा गाण्यांच्या यादीसकट ठेवते. दिल्लीचे बॉक्सआउट एफएम हे २०१७ साली सुरू झालेले ऑनलाइन केंद्र भारतीय आणि शेजारी देशांतल्या इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी पाहावे.

केईएक्सपी, एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओसंस्थेची टायनी डेस्क मालिका आणि शिकागोचे ऑडिओट्री यांची थेट सादरीकरणे यूट्यूबवर आहेत. स्टुडिओतल्या सफाईशिवाय बँड कसा वाजतो ते इथे वीस-पंचवीस मिनिटांत कळते, म्हणून नव्या कलाकाराबद्दल मत बनवायला ही जागा चांगली.

पाचवी पायरी: यंत्राच्या शिफारशींचा बेताने वापर

स्पॉटिफायची दर सोमवारी मिळणारी, तीस गाण्यांची ‘डिस्कव्हर वीकली’ ही यादी २०१५ पासून आहे आणि ती टाकाऊ नाही. पण तिला तुमच्याबद्दल जे कळते ते तुमच्या ऐकण्यावरूनच कळते. घरातल्या मुलांनी त्याच खात्यावर बडबडगीते लावली किंवा रात्रभर पावसाचा आवाज चालू राहिला, की पुढच्या सोमवारी त्याचे पडसाद दिसतात. अशा वेळी ‘प्रायव्हेट सेशन’ चालू ठेवावे. दुसरे असे की एखाद्या लहान कलाकाराच्या पानावरून ‘रेडिओ’ सुरू केला तर गाजलेल्या गाण्यांवरून सुरू केल्यापेक्षा नवी नावे जास्त मिळतात. तिसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही: ‘डिस्कव्हरी मोड’ या योजनेत कलाकार किंवा लेबल कमी मानधन पत्करून गाण्याला शिफारशींत अधिक जागा मिळवू शकतात. म्हणजे समोर आलेले गाणे निव्वळ तुमच्या आवडीवरून आलेले असेलच असे नाही.

प्लेलिस्टमधले नाव खऱ्या कलाकाराचे आहे की नाही हेही आता पाहावे लागते. २०२५ साली ‘द व्हेल्व्हेट सनडाउन’ या नावाच्या बँडने स्पॉटिफायवर महिन्याला दहा लाखांवर श्रोते मिळवले, आणि मग त्याचे संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्याचे उघड झाले. संशय आल्यास पुढील गोष्टी तपासाव्यात: कलाकाराचे एखादे थेट सादरीकरण कुठे दिसते का, तो कोणत्या गावचा आहे, श्रेयनामावलीत दुसऱ्या कोणाचे नाव आहे का, आणि काही आठवड्यांतच दोन-तीन अल्बम तर निघालेले नाहीत ना. खऱ्या बँडचा कुठे तरी एखादा हललेला, वाईट प्रकाशातला मोबाइल-व्हिडिओ असतोच.

ऐकणे आणि नोंद ठेवणे

सापडलेले सगळे एकाच बैठकीत ऐकू नये. एका वेळी एकच अल्बम घ्यावा, तो कलाकाराने लावलेल्या क्रमाने शेवटपर्यंत ऐकावा, आणि काही दिवसांनी पुन्हा लावावा. अनोळखी भाषेतले किंवा अनोळखी स्वररचनेचे संगीत पहिल्या फेरीत क्वचितच पकड घेते. सोबत एक साधी वही किंवा मोबाइलवरची नोंद ठेवावी, आणि तीत कलाकाराचे नाव, शहर, लेबल आणि मुख्य म्हणजे तो कोणामुळे सापडला हे लिहावे. सहा महिन्यांनी ही नोंद वाचली की आपल्याला चांगले संगीत नेमके कोणत्या लेबलमुळे, निवेदकामुळे किंवा श्रोत्यामुळे मिळते ते उमगते, आणि पुढचा शोध तिथूनच सुरू करता येतो. हे काम आपोआप व्हावे असे वाटणाऱ्याने लास्ट एफएम किंवा त्याचा खुला पर्याय असलेले लिसनब्रेन्झ जोडावे; तुम्ही काय ऐकले त्याची नोंद तिथे होते. कोणामुळे ऐकले, ते मात्र हातानेच लिहावे लागते.

शेवटची पायरी: पैसे कसे पोहोचवावेत

स्पॉटिफायवर २०२४ पासून मागील बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मानधनाचा वाटाच मिळत नाही. या लेखातून सापडणारी कित्येक गाणी त्या रेषेच्या खालीच असतील. बँडकॅम्पवर मात्र डिजिटल विक्रीवर संकेतस्थळ १५ टक्के घेते, आणि व्यवहारशुल्क वजा जाता सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराला किंवा लेबलला मिळते. मार्च २०२० पासून ठरावीक शुक्रवारी, ‘बँडकॅम्प फ्रायडे’ या नावाने, संकेतस्थळ आपला वाटा सोडते. खरेदी त्या दिवसासाठी राखून ठेवणारे श्रोते पुष्कळ आहेत. काही अल्बमांवर ‘तुमची किंमत तुम्ही ठरवा’ अशी सोय असते आणि तिथे शून्यही चालते, पण परवडत असेल तर शून्य टाकू नये.

भारतातून पैसे भरताना आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावेत. ते बहुधा बंद असतात. परकीय चलनाचे शुल्कही लागते, म्हणून एकेक गाणे घेण्यापेक्षा दोन-तीन अल्बम एकदम घेतलेले बरे. कलाकारही भारतातलाच असेल तर एक गुंता होतो: बँडकॅम्पवरचे पैसे ज्या सेवेतून कलाकाराकडे जातात त्या पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतांतर्गत व्यवहार बंद केले असल्याने ग्राहक आणि विक्रेता दोघेही भारतीय असतील तेव्हा बँडकॅम्पवरचा व्यवहार अडू शकतो. अशा वेळी कलाकाराच्या इन्स्टाग्राम पानावर यूपीआय किंवा स्वतःच्या दुकानाचा दुवा आहे का ते पाहावे, नसल्यास संदेश पाठवून सरळ विचारावे. एवढ्या लहान पातळीवर बहुतेक वेळा कलाकार स्वतःच उत्तर देतो, आणि पुढचा कार्यक्रम तुमच्या शहरात कधी आहे तेही सांगतो.

विकत घेतलेला अल्बम लगेच उतरवून घ्यावा. बँडकॅम्प २०२२ साली एपिक गेम्स या व्हिडिओगेम कंपनीने घेतले आणि पुढच्याच वर्षी साँगट्रेडर या संगीत-परवाने देणाऱ्या कंपनीला विकले, आणि त्या विक्रीनंतर जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांना जावे लागले. खात्यातली खरेदी कायम तिथेच राहील या भरवशावर बसू नये. चाळीस मिनिटांचा अल्बम ३२० केबीपीएस एमपीथ्रीमध्ये सुमारे ९५ एमबी होतो आणि फ्लॅक या, आवाजातले काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात त्याच्या अडीच-तीन पट. मोबाइलवर एमपीथ्री ठेवावे, फ्लॅक बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवावे, आणि दोन्ही वाजवायला व्हीएलसी हे विनामूल्य ॲप पुरते.